सव्वीस खणांचं शहर

टपालकाकांनी एकतीस वर्षं त्या जुन्या बाजाराची पत्रं लावली, पण बाजार एकदाही पाहिला नाही. रेल्वेने तीन तासांवरच्या कचेरीत त्यांच्यापुढे सव्वीस लाकडी खण असायचे, एकेका गल्लीचा एकेक. पत्ता अर्धवट असो की पाण्याने पुसलेला, काकांचा हात बरोबर खणात जायचा.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी काकूंच्या शिलाई मशीनचं शटल मोडलं. मुलगा म्हणाला, "भंगारात दे." काकूंनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. असलं जुनं शटल मिळालं तर त्याच बाजारातल्या सुई गल्लीत, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे, असं शिंप्याने सांगितलं. दुकान एकला बंद होई ते संध्याकाळीच उघडे. परतीची गाडी साडेतीनची.

"सुई गल्ली म्हणजे एकोणिसावा खण," काका म्हणाले. "कुणाला वाट विचारावी लागली तर टपालकाका म्हणून नाव लावणार नाही."

दहाला ते दोघं बाजाराच्या वेशीतून आत शिरले तेव्हाच ऊन चढलं होतं. खणांच्याच ओळीने गल्ल्या लागतील, अशा हिशोबाने काकांनी पाट्या वाचत पहिल्या खणापासून सुरुवात केली. दोर गल्ली. रोज दोन गठ्ठे टपाल यायचं, म्हणून त्यांनी ती हमरस्त्याएवढी धरली होती. प्रत्यक्षात हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागत होत्या, आणि समोरून हातगाडी आली की माणसं दुकानांत चढून उभी राहत. उलट आठवड्याला चार पत्रं येणारी कुंभार गल्ली ऐसपैस निघाली. उन्हात वाळत घातलेली मडकी, आणि सावलीत वजनकाट्याच्या पारड्यात झोपलेलं मांजर.

"इथला सात नंबरवाला सासऱ्याला पत्र लिहायचा, तिकीट कधी लावायचा नाही. सासऱ्याने नाकारलं की पत्र परत माझ्याच खणात," काका एका दारापुढे थांबून म्हणाले.

"अहो, बारा वाजायला आले. सासरा गेला खड्ड्यात."

काकूंची कुरकुर खोटी नव्हती. डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, मघाच्याच भांडीवाल्यापुढून पुन्हा जायचं. तांब्यावर हातोड्या पडत होत्या, हमाल ओरडत होते. भांडीवाला तिसऱ्यांदा दिसला तेव्हा त्याने नमस्कारच केला. काकांच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती, पण चेहरा मात्र लग्नघरात शिरल्यासारखा.

अकराव्या गल्लीत, कुलूपवाल्यांच्या ओळीत, मागून कुणीतरी हाक मारली. खांद्याला पिशवी, हातात पत्रांचा गठ्ठा. पोस्टमन होता.

"काका, सकाळपासून तुम्ही माझ्या पुढे पुढे चाललाय. माझी टपाल वाटायची बीट कुणी दुसऱ्याला दिली की काय?"

"म्हणजे?"

"या क्रमाने बाजारात दुसरं कुणी फिरत नाही. लोक सरळ जातात. असं आडवंतिडवं मीच फिरतो, जड पार्सलं आधी संपावीत म्हणून."

काकांना आता उलगडलं. खणांची ओळ म्हणजे गल्ल्यांची ओळ नव्हती. ती पोस्टमनच्या पायांची होती. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पाऊण वाजला होता.

काकांनी घसा साफ केला. एकतीस वर्षांचा मान एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या.

"बाळा," ते म्हणाले, "सुई गल्लीला कसं जायचं?"

पोस्टमनने अंगठ्याने मागच्या भिंतीतली कमान दाखवली. "या कमानीतून आत. पन्नास पावलं."

दुकानदार फळ्या लावत होता. तुटकं शटल त्याने उजेडात धरलं, तीन डबे उपसले आणि चौथ्यातून तसंच एक काढून काकूंच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी ते दोनदा फिरवून पाहिलं, पदराने पुसलं आणि पर्समध्ये नीट ठेवलं.

काका फळीवर बसून रुमालाने मान पुसत होते. "विचारलं शेवटी," ते म्हणाले.

"बरं झालं विचारलंत. नाहीतर मी विचारणारच होते, दोर गल्लीतच." काकू शेजारी टेकल्या. "कुठल्या राहिल्या?"

"काय?"

"गल्ल्या हो. अकरावरून एकदम एकोणिसावर आलो ना."

"बारा ते अठरा. सात." काका सावरून बसले. "बारावी अत्तरवाल्यांची. तिच्या पत्रांनी अख्खा खण घमघमायचा."

"गाडीला अडीच तास आहेत," काकूंनी छत्री उघडली. "दाखवा. आणि तो तिकीट न लावणारा, त्याच्या सासऱ्याचं पुढे काय झालं?"