पुस्तकातल्या बाईचं झंपर

"मापाचं आणलंय का?"

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकीला मावशींचा पहिला प्रश्न हाच. अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज हातात पडल्याशिवाय त्या नव्या कापडाला कात्री लावत नसत. राजूरला देवळाच्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान, आणि समोरच्या वाचनालयात माझी नोकरी. हाताला गुण असलेली शिवणारी तुमच्याही गावात असेल. पण कादंबरीतल्या बायकांचे कपडे तपासणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

पुस्तक परत करताना त्या लेखकाचं कौतुक कमी करायच्या आणि हजेरी जास्त घ्यायच्या. "मॅडम, ही नायिका तंग बाह्यांचा ब्लाउज घालून विहिरीचं पाणी शेंदती. काखेत उसवला न्हाई का एकदाबी?" त्यांनी नेलेल्या पुस्तकांत टाचण्या सापडायच्या, पानांवर खडूच्या रेघा. नियमानं मी रागवायला हवं होतं. पण इतक्या बारकाईनं वाचणारं दुसरं कुणी माझ्याकडे येतच नव्हतं, म्हणून मी गप्प बसायची.

एकदा त्यांनी नेलेली कादंबरी महिना झाला तरी परत येईना. तिच्यातल्या शिक्षिकेचा डावा हात लहानपणापासून लुळा. मी विचारायला गेले, तर मावशी गाऊनवरून एक ब्लाउज चढवायच्या खटपटीत होत्या आणि त्यांचा डावा हात ओढणीनं कमरेला बांधलेला होता.

"हे काय चाललंय?"

"लेखकानं हिला रोज जल्दी तयार करून शाळेत धाडलं. घरात एकटीच ऱ्हाती. मंग एका हातानं हुक कशी लावती, ते लिवलंच न्हाई. म्हणून मीच शिवून राह्यले तिच्यासाठी. आता हिचं मापाचं कोण आणून देणार? हात बांधूनच बघावं लागतं."

तीन ब्लाउज वाया गेले. चौथा जमला. डावी बाही काखेपर्यंत उघडणारी, लुळा हात नुसता आत ठेवला की पुरे. पुढे हुकांऐवजी चपलेला असते तशी चिकटणारी पट्टी, उजव्या हातानं दाबली की बंद.

तो हातात घेतला आणि मला रडूच आलं. लकवा मारल्यावर माझ्या सासूबाईंचा पाय सुधारला होता, पण डावा हात गेला तो गेलाच. जन्मभर शेत सांभाळलेली बाई. रोज सकाळी मी हुक लावायची आणि त्या भिंतीकडे बघत राहायच्या. वर्षभर त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. "सुनेनं सजवलेली बाहुली कुठं मिरवायची?" म्हणायच्या. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, मावशींजवळ बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या त्यांचं मापाचं आणा," एवढंच म्हणाल्या.

आठवड्यात शिवून दिला. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिला. "पुस्तकातल्या बाईचं झंपर मला कशाला?" म्हणत कपाटात टाकला. मावशी मात्र पुस्तक बदलायला आल्या की विचारायच्या, "काखेत टोचत तर न्हाई ना त्यांना?" मी खोटंच सांगायची, "बिलकुल नाही. अगदी बराबर बसलाय." त्या खूश होऊन जायच्या. त्या खोट्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी निरोप आला की मावशी पहाटे गेल्या. सासूबाईंना सांगून मी साडी बदलायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर त्यांच्या खोलीचं दार बंद, आतून कडी. हाका मारल्या, कडी वाजवली. बराच वेळ मी तशीच दाराशी उभी होते.

शेवटी दार उघडलं. अंगात तो ब्लाउज होता. पदर कसाबसा खांद्यावर टाकलेला, पट्टी जरा तिरकी लागलेली. ती सरळ करायला मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "माझी मी लावलीय. तिला दाखवायचंय."