दुसरीच्या श्वासावर

एका जपानी बाईच्या श्वासावर मी अनेक वर्षं माझा श्वास बेतला. तिला मी कधी भेटले नाही. लहान मुलांच्या एका जपानी मालिकेत दीपगृहावर राहणारा एक हट्टी, सदा भुकेला पोरगा होता. जपानीत त्याचा आवाज ती द्यायची, हिंदीत मी. कानात तिचा आवाज, समोर चित्र. ती दम घेई तिथे मी दम घ्यायचा, ती हुंदका गिळे तिथे मी गिळायचा. डबिंग म्हणजे एवढंच.

लग्नानंतर बहारीनला आले तरी मुंबईच्या स्टुडिओनं काम चालू ठेवलं. तिथल्या हूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपड्यांचं कपाट माझा स्टुडिओ झालं. दोन्ही बाजूंना साड्या, मध्ये माइक आणि मी. एसीची घरघर येते म्हणून तो बंद. भर ऑगस्टात घामानं निथळत मी बर्फात खेळणारा पोरगा झाले आहे. अजान सुरू झाली की थांबायचं, संपली की पुन्हा तिथूनच. माझी लेक दाराबाहेर तोंडावर बोट ठेवून बसायची. तिच्या शाळेत ती 'त्या पोराची बहीण' होती.

हळूहळू कानातली ती बाई थकू लागली. लांब वाक्याआधी ती जास्त हवा भरून घ्यायची, ओरडताना शेवट सोडून द्यायची. तिकडे कुणाच्या लक्षात आलं असेल का, कोण जाणे. मला मात्र धास्ती वाटायची, आणि खरं सांगायचं तर तिच्या तब्येतीपेक्षा माझ्या कामाची जास्त.

शेवटी ती निवृत्त झाली. निरोपाचा व्हिडिओ मी मोबाइलवर पाहिला. नातवंडांना घेऊन आलेली माणसं रडत होती. नव्या बाईनं तिच्यासमोर कमरेत वाकून तो पोरगा मागून घेतला. एकीनं फुलं दिली, दुसरीनं घेतली. मला भाषा कळली नाही, तरी मीही रडले.

मला आला तो व्हॉट्सॲपवर मेसेज. नवा जपानी आवाज पातळ आहे, त्याला जुळणारी कोवळी मुलगी हिंदीत घेतली आहे, इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार. खाली हात जोडलेले. म्हणजे म्हातारी ती झाली आणि घरी मी बसले!

शेजारच्या रत्नागिरीच्या भाभींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खलास झालं ना? बरं झालं. तो पोरगा काय तुला म्हातारपणी सांभाळणार होता?" मी हसले. खूप राग आला होता.

पुढच्या आठवड्यात दुसरा मेसेज. नव्या मुलीला पोराचं हसणं, रडणं, उचकी नीट जमत नाही; तुमचे थोडे नमुने पाठवाल का? मी फोन पलंगावर फेकला. सीफ भागातल्या ऑफिसातून आलेला नवरा म्हणाला, "कशाला वाकडं घेतेस? पुढे काम निघालं तर?" पुढे काम निघणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी कपाटात शिरले. खुदकन हसले, पोट धरून हसले, उपाशी पोरासारखी मुसमुसले. चोख काम केलं, मुद्दाम खराब करायला जीभ वळली नाही. त्याचाच मला अजून संताप येतो.

दार उघडलं तर शाळेतून आलेली लेक बाहेर उभी, चेहरा फुललेला. "आई! दे गेव्ह हिम बॅक टू यू?"

"नाही गं. दुसरीला शिकवायला पाठवतेय."

"बट ही इज युअर्स," ती म्हणाली.

तो माझा कधीच नव्हता. हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?