इंगळ्यांची इटालियन तालीम

आमच्या ग्रुपमधले किस्से स्वयंपाकघरात साठवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे आहेत. एक ओढावी तर दहा बाहेर पडतात, आणि कुठली कुठून आली ते कुणालाच आठवत नाही. त्यातले निम्मे मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. साफ खोटा. मी सगळेच वाढवून सांगतो!

तर बेंगळुरूतली आमची मंडळी तीनच. मी, पुण्याचे जोगळेकर आणि नागपूरचे इंगळे. जोगळेकर बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत मॅनेजर, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत असतं. इंगळे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. तिथली मशिनंसुद्धा त्यांच्या खाकरण्याला घाबरतात. इंगळे मात्र घाबरतात फक्त मुलीला.

ऋचानं स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा निखिल. त्याचे आईवडील राहायला येलहंक्याला, मूळचे बेळगावकडचे. दोन्ही घरांची पहिली भेट आमच्या गल्लीतल्या छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये ठरली, कारण ही दोघं तिथंच भेटायची. ऋचानं बजावलं, “बाबा, तिथं प्लीज घोळ घालू नका. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!”

इंगळ्यांना झोप लागेना. भेटीला पाच शनिवार बाकी होते. आम्ही दुपारच्या तालमी सुरू केल्या.

* * *

पहिल्या शनिवारी इंगळ्यांनी मेन्यू हातात घेतला आणि पाच मिनिटं तो उलटसुलट करून पाहिला. मग हळूच विचारलं, “हे पदार्थ आहेत, की यांच्या स्टाफची नावं?”

जोगळेकरांनी ऐटीत पास्ता मागवला. इंगळ्यांनी एक तुकडा चावला आणि प्लेट परत केली. “कच्चा आहे बे! एक शिट्टी अजून होऊ दे.”

“इंगळे, याला अल देन्ते म्हणतात,” जोगळेकर म्हणाले. “दाताला लागलाच पाहिजे.”

“अहो, पण माझी कवळी आहे. तिला कुठं कळते इटालियन!”

* * *

काट्यावर स्पॅगेटी गुंडाळायचा सराव घरी करा, असा सल्ला मीच दिला. इंगळेवहिनींनी बिचाऱ्यांनी शेवयांची खीर केली. इंगळे काटा घेऊन बसले.

रात्री वहिनींचा मला फोन. “भाऊजी, शेवया काट्यावर आहेत. खीर पंख्यावर आहे. पुढचा सल्ला देऊ नका.”

* * *

त्या रेस्टॉरंटची मालकीण अक्का, पक्की बेंगळुरूची. दुसऱ्या शनिवारी तिनं स्वतः येऊन प्रेमानं विचारलं, “ब्रेड बेका?” म्हणजे, ब्रेड हवाय का?

इंगळे चक्रावले. “बेक केलेलाच आण बाई! कच्चा कशाला खायचा?”

अक्का हसून म्हणाली, “सरी, सरी.” म्हणजे, बरं, बरं. यावर इंगळे मला म्हणतात, “सॉरी कशाला म्हणून राहिली? माझा काही राग नाही!”

* * *

तिसऱ्या शनिवारचा किस्सा अक्का अजून गिऱ्हाइकांना सांगते.

तिथला वेटर बिपुल, चाळिशीचा, आसामचा. आमच्याशी हिंदी बोलतो. तो चीजचा भलामोठा ठोकळा आणि किसणी घेऊन इंगळ्यांच्या प्लेटवर किसायला लागला. आपण ‘बस’ म्हणेपर्यंत तो किसतो. इंगळ्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, हा आग्रह करतोय. मग त्यांनी आपल्या पंगतीतल्यासारखा प्लेटवर हात आडवा धरला आणि म्हणाले, “पुरे, पुरे!”

बिपुलनं ऐकलं, ‘पूरे.’

“पूरा, सर?”

“हो हो, पुरे!”

बिपुल आज्ञाधारक माणूस. त्यानं एका हातानं इंगळ्यांचा हात अदबीनं बाजूला केला. इंगळे “पुरे! पुरे!” ओरडतायत आणि तो घामाघूम होऊन किसतोय. ठोकळा संपला तेव्हा पलीकडचे इंगळे आम्हाला दिसत नव्हते. चीजच्या डोंगरामागून फक्त आवाज आला, “पोरीचं लग्न मोडते आता!”

* * *

पाचव्या शनिवारी मात्र इंगळे तयार झाले. शर्टावर एक डाग नाही. अक्कानं टाळ्या वाजवल्या.

आणि मग तो रविवार आला.

निखिलचे आईवडील येलहंक्याहून परस्पर येणार होते. ऋचा, निखिल आणि वहिनी मागून. इंगळे धीराला मला घेऊन पुढे आले. खिडकीपाशी एक साठीचं जोडपं बसलं होतं. आम्हाला बघताच गृहस्थ उठले.

“या की, या! तुमचीच वाट बघायलोय. मुलीसाठी म्हणून फोन केला होता, ते तुम्हीच न्हवं?”

“मीच जी!” इंगळे म्हणाले. भेटीची वेळ ठरवायला फोन त्यांनीच केला होता.

बोलणं बेळगावी, वय बरोबर. आम्ही बसलो. सूप आलं.

“आमचा सोन्या स्वभावानं फार शांत,” बाई म्हणाल्या. “दहीभात दिला तरी ताट चाटूनपुसून साफ.”

“वा! अन्नाचा मान राखतो,” इंगळे म्हणाले.

“फक्त सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावं लागतं.”

इंगळे जरा अडखळले. “फिरवून... आणावं?”

“नाहीतर रुसून कोपऱ्यात बसतोय.”

“आमची ऋचा नेईल न! तिलेही चालायची आवड आहे.”

“आणि केस गळतात हो त्याचे.”

इंगळ्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. “त्यासाठी आमच्या घरात त्याला कोणी नाव ठेवणार नाही!”

मला शंका ‘चाटूनपुसून’लाच आली होती. पण सूप फार छान होतं.

“आम्ही दोघं कायमचे परदेशी जायलोय,” गृहस्थ म्हणाले. “सोन्याला चांगलं घर मिळालं की सुटलो.”

इंगळे उभे राहिले. पाच शनिवारांची मेहनत त्यांच्या डोळ्यांत उतरली होती. त्यांनी गृहस्थांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या रेस्टॉरंटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सोन्या मले जावई म्हणून पसंत आहे!”

“जावयासारखाच ठेवा हो त्याला!” गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. “आजच घेऊन जा. गाडीत बसलाय.”

“अरेरे, जेवायच्या वेळी गाडीत? बोलवा त्याला!”

बाई बाहेर गेल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि ऋचा, निखिल, वहिनी आणि एक अनोळखी जोडपं आत आलं.

“सॉरी बाबा, ट्रॅफिक! दारातच सगळे भेटलो. हे निखिलचे आईबाबा.”

इंगळ्यांनी नमस्काराला हात जोडले. गाडीकडून परतलेल्या बाईंनी त्या जोडलेल्या हातांत पट्टा अडकवला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सोनेरी केसांचं एक अवाढव्य जनावर होतं. ते येऊन इंगळ्यांच्या बुटांवर बसलं आणि शेपटी हलवायला लागलं.

निखिलच्या वडिलांनी थोडा वेळ खाली पाहिलं. मग अदबीनं विचारलं, “हा कोण?”

इंगळ्यांनी ऋचाकडे पाहिलं, निखिलकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.

“जावई,” ते म्हणाले.