पाचव्या गिअरवरचा हात

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. समोरच्या टेबलावर एक गिअरबॉक्स होता, आतले दात दिसावेत म्हणून अर्धा कापलेला. बाबा एवढंच म्हणाले, "दुपारी जेवून पडला, तो उठलाच नाही..." त्याला आता महिना होईल. छापण्यासाठी मी कधी काही लिहिलेलं नाही, हेही नीट जमेल की नाही ठाऊक नाही. पण तात्यांचं लिहायला बसले की रडू येण्याआधी ते आठ दिवस आठवतात आणि माझे हात अजून शिवशिवतात. तेवढंच सांगते.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. त्यांच्या जुन्या जीपनं वीस वर्षं आंब्याच्या पेट्या आणि वाडीतली माणसं रत्नागिरीला नेली. तिला गिअर चारच. मला पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. तात्यांनी अख्ख्या वाडीला सांगून टाकलं की पोरीला मीच माझ्या गाडीनं सोडणार. हायवेवर चौथ्यात इंजिन नुसतं किंचाळायचं, म्हणून भंगारातल्या एका जीपचा पाच गिअरचा बॉक्स त्यांनी शोधून आणला आणि तो स्वतः बसवायचं ठरवलं. निघायला आठ दिवस होते.

हनिफभाई त्यांचे शाळेपासूनचे मित्र. आखातातल्या गॅरेजात बरीच वर्षं काढून त्यांनी रत्नागिरीत स्वतःचं गॅरेज टाकलेलं. ते मुद्दाम आमच्याकडे आले, नवा बॉक्स बघितला आणि दोन दिवसांत करून देतो म्हणाले. बॉक्स केसभर तिरका बसला तरी क्लच जाईल, हेही त्यांनी बजावलं. तात्या ऐकेनात.

"गाडी घाटात बंद पडली तर तू येणार हायस काय? आत काय हाय ते मला माहीत नको?"

"आणि पाचवा टाकायला रस्ता कुठाय रे तुझ्याकडे? सगळी वळणंच!"

"पुण्याला हाय," तात्या म्हणाले.

हनिफभाई हसले. जाताना क्लचची चकती मधोमध बसवायचा दांडा मात्र गुपचूप माझ्या हातात देऊन गेले.

मग फणसाखाली काम सुरू झालं. खालून जॅक, वरून फांदीला बांधलेला दोर, मधे मी. नवा बॉक्स लांबीला जास्त, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवाल्याकडून आखूड करून आणला. बॉक्स उघडून साफ केला, तो तात्यांनी जमिनीवर ठेवू दिला नाही. हापूस आढीत घालावा तसा भाताच्या पेंढ्यावर अलगद निजवला. पाचव्या दिवशी बॉक्स इंजिनला जाऊन बसला तेव्हा आम्ही दोघंही काळ्या हातांनी एकमेकांकडे बघत राहिलो. मी इतकी खूश याआधी कधी झाले होते, आठवत नाही.

सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या उघड्या कातळमाळावर, एवढाच काय तो सरळ रस्ता; तिथं तात्यांनी पाचवा टाकला. इंजिनचा आवाज खाली बसला... आणि खट्कन गिअर निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी तळहातानं गिअरचा दांडा दाबून धरला आणि तसेच परत आलो. दोन दिवस हेच. सामान बांधून झालं होतं, बाबा एसटीचं तिकीट काढू या म्हणत होते. मी घाबरत विचारलं, "तात्या, हनिफभाईंना दाखवूया?" ते उठून हात धुवायला गेले. सकाळी उठून बघते तर जीप अंगणात वळवून लावलेली. "चल गो," म्हणाले.

हनिफभाईंनी वरचं झाकण काढलं. गिअर जागच्या जागी धरणारी एक छोटी गोळी असते, ती ज्या खाचेत बसते तिथून त्यांनी चिमट्यानं पेंढ्याची काडी ओढून काढली.

"काय रे मेल्या, बॉक्स पिकत घातलेलास काय?"

सगळं गॅरेज हसलं. तात्याही. मग हनिफभाई गाडीखाली गेले, बराच वेळ एकेक नट तपासला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "मला हात लावायला काही ठेवलं नाहीस." झाकण त्यांनी लावलं नाही. पाना तात्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. घाट संपून मोकळा रस्ता लागला तेव्हा पाचवा पडला आणि पडलेलाच राहिला. मी ओरडले, तात्या गालात हसत होते. तरी दांड्यावरचा हात काही त्यांनी काढला नाही, आणि पुढेही कधी नाही. हनिफभाई शेजारी बसले की दर वेळी म्हणत, "हात काढ, आतलं घासतं." तात्या काढत आणि लगेच परत ठेवत.

तेराव्यानंतर मी ती जीप सड्यावर नेली. हनिफभाई शेजारी होते. पाचवा टाकला, आवाज खाली बसला, गिअर घट्ट होता. थोड्या वेळानं लक्षात आलं, माझा तळहात दांड्यावरच होता. हनिफभाईंनी हाताकडे बघितलं... आणि तोंड फिरवून बाहेरच्या आंब्याच्या कलमांकडे बघत बसले. सरळ रस्ता संपेपर्यंत 'हात काढ' काही ते म्हणाले नाहीत.