आधी कागद, मग नाव

उस्मान चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंपावर आमच्याच एका ड्रायव्हरला झापत होते. टायरात हवा कमी असताना माल भरून निघाला होता शहाणा. फोन चाचांच्या मुलाचा, अस्लमचा. "शोभाताई, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "जा, हवा भर आणि नीघ." तो बिचारा बघतच राहिला, कारण माझं झापणं असं अर्ध्यावर कधी थांबत नाही. मग तिथेच कठड्यावर बसले आणि रडले. भर दुपारी, सगळ्यांसमोर. त्याची मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

चाचा पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हेत, ट्रकवर नावं घालणारे. नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे, जिथे ट्रकच्या बॉड्या बांधतात त्या रांगेत त्यांची पत्र्याची शेड. राहायला भवानी पेठेत, पणजोबांपासून. रोज सकाळी स्कूटरला डबा अडकवून यायचे. ट्रकच्या काचेवरच्या पत्र्यावर मुलाबाळांची नावं, देवाची नावं, मागे मोर, पोपट, कमळ... त्यांचं अक्षर हायवेवर लांबूनसुद्धा ओळखू यायचं. अक्षर मोठं वळणदार आणि बोलणं मात्र सरळ तोंडावर मारल्यासारखं. गिऱ्हाईक टिकायचं ते अक्षरामुळे.

आमची पहिली भेट म्हणजे भांडण. तेव्हा आमचे हे, बबनराव, यांना हेवीचं लायसन मिळून थोडेच दिवस झाले होते. शेतात राम उरला नव्हता, कारण शेतच उरलं नव्हतं. रस्ता रुंद झाला, त्यात आमची पट्टी गेली, तिचे पैसे आले. आमच्याकडे जे काही होतं ते एवढंच. त्या पैशांवर गावातल्या कुणाकुणाचा डोळा होता हे सांगायला नको. त्यातच यांना एक शेठ भेटले. नाव लिहीत नाही, ते अजून त्याच धंद्यात आहेत, फुकटची जाहिरात कशाला? शेठचं म्हणणं असं की ट्रक लीजवर घ्या. थोडं डिपॉझिट, दर महिन्याला हप्ता, गाडी चालवा, कमवा, काही वर्षांनी गाडी तुमचीच. नोकरी नाही, साहेब नाही, आजपासून तुम्ही मालक. 'थोडं डिपॉझिट' म्हणजे आमच्या पट्टीचे झाडून सगळे पैसे होते. पण 'मालक' हा शब्द ऐकल्यावर आमच्या ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. खरं सांगायचं तर माझेही लागेनात.

सही दुसऱ्या दिवशी करायची होती. शेठ मोठे दिलदार. म्हणाले, "वहिनी, दिवस चांगला आहे, सहीचं काय, उद्या होईल. आज गाडी घेऊन जा, पोरीचं नाव घाला, हार घाला, नारळ फोडा. गाडी तुमचीच आहे." आमच्याकडे गाडी घेतली की आधी नाव. पूजा एक वेळ राहील, नाव राहणार नाही. यांनी ट्रक आणला, मी आमच्या पोरीला, साक्षीला, कडेवर घेतलं आणि पेढे घेऊन आम्ही थेट चाचांच्या शेडसमोर.

चाचांनी पेढा घेतला, बाजूला ठेवला. ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आरसी बुक दाखवा."

"ते शेठकडं हाय," हे म्हणाले. "लीजवर घेतोय गाडी."

"मग शेठच्या पोरीचं नाव घालू का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, तुम्ही पेंटर आहात का आरटीओ? नाव घालायचे पैसे देतोय, फुकट नाही मागत."

"आरटीओ असतो तर आत्तापर्यंत घातलं असतं, वहिनी," चाचा म्हणाले. आवाज जराही चढला नाही. "मी पेंटर आहे म्हणूनच घालत नाही."

मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या शेडमधले वेल्डर काम टाकून बघायला आले. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग स्टूल ओढलं, वर चढले आणि रंग खरवडायच्या पत्रीने काचेवरच्या पत्र्याचा एक कोपरा खरवडला. वरचा नवा निळा रंग निघाला. खाली लाल रंगात एक अक्षर दिसलं. अजून खरवडलं, तर लालच्या खाली हिरवं. त्याच्याही खाली पिवळं काहीतरी होतं.

"ही सगळी मीच लिहिली," चाचा वरूनच म्हणाले, "आणि मीच पुसली. ड्रायव्हर नाव घालायला येतो, वर्षभरात शेठ तीच गाडी पुसायला आणतो. दोघांचे पैसे मी घेतले. मागच्या वेळी पुसत होतो तेव्हा तो ड्रायव्हर तिथे, त्या खांबाशी उभा होता. हातात पिशवी. नुसता बघत होता. त्या दिवसापासून बंद केलं. आधी कागद, मग नाव."

हे तर दोन पावलं मागे सरकले. मी मात्र अशी कुणाच्या सांगण्यावर गप्प बसणारी नाही. मला वाटलं, म्हातारा रंगवून सांगतोय, धंदाच आहे त्याचा. तेवढ्यात ऊन तिरपं झालं आणि ट्रकच्या दारावर, निळ्या रंगाखालून, जुन्या अक्षरांचा उठाव दिसला. नाव लागत नव्हतं, पण मोबाईल नंबर स्पष्ट लागत होता. मी तिथल्या तिथे तो फिरवला.

एका बाईने उचलला. शिरूरकडची होती. मी म्हटलं, "ताई, तुमचा नंबर एका ट्रकच्या दारावर सापडला." तर म्हणाली, "पुसली का गाडी त्यांनी? फुडं आमच्या प्रियांकाचं नाव हुतं."

तिचा नवरा ह्या गाडीचा आधीचा ड्रायव्हर. तिने सगळं सांगितलं, न रडता. गाडी लीजची, पण टायर ड्रायव्हरचे, इंजिनचं काम ड्रायव्हरचं, दंड ड्रायव्हरचा. माल उतरवायला गाडी उभी राहिली तरी हप्ता चालू. पावसात गिअरबॉक्स गेला, गाडी गॅरेजला, कमाई बंद. "गाडीच बंद, तर हप्ता कुठनं भरायचा, सांगा की! गॅरेजमधनंच उचलून नेली. आमचं अंथरूण, स्टोव्ह, समदं गाडीतच राह्यलं. डिपॉझिट मागाय गेलो तर कागद दाखवला, म्हनले, सही तुमचीच हाय." मग तिनेच विचारलं, "तुमी सही केली का?"

"नाही अजून. उद्या आहे."

"मग उद्याचं उद्याच बघू नका. आजच पळा."

मी फोन ठेवला. चाचा खाली उतरले होते आणि साक्षीला पेढा भरवत होते, आम्हीच आणलेला.

यानंतर आमच्या घरात जे झालं ते काही शोभा देणारं नव्हतं. हे म्हणाले, "तुला माझं बरं झालेलं बघवतच न्हाई." मी म्हटलं, "बरं झालेलं बघायचंय म्हणूनच तर." चुलत सासरे, दीर, सगळे यांच्या बाजूने. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, हा त्यांचा एकच धोशा. दुसऱ्या दिवशी शेठच्या ऑफिसात गेलो. कागद पुढे आला, पेन पुढे आलं. मी म्हटलं, "शेठ, गाडी आमचीच म्हणता ना? मग आरसी बुकावर यांचं नाव चढवा. पैसे आत्ता मोजते."

शेठ हसले. "तसं नसतं हो, वहिनी."

"मग कसं असतं?"

"हा सगळा विश्वासाचा मामला असतो."

"अहो, मग ठेवा की विश्वास आमच्यावर!"

शेठचं हसू गेलं. माझं उत्तर मला मिळालं. पण पेन यांच्या हातात होतं, आणि सही यांचीच लागणार होती. हे किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, ती गाडी गिअरबॉक्सला कधी काढली हुती?" शेठनी कागद मागे ओढला. गाडीची किल्ली तिथेच ठेवून आम्ही उठलो. जिना उतरताना ह्यांनी माझा हात धरला होता, आणि आमच्यात लोकांसमोर हात धरायची पद्धत नाही. नवऱ्याचा अभिमान वाटावा असे प्रसंग संसारात मोजकेच येतात, त्यातला तो पहिला.

मग हे पगारावर ड्रायव्हर झाले. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचे टायर, आपला फक्त घाम. 'मालक' व्हायला निघालेला माणूस नोकर झाला म्हणून गावाने चिमटे काढले. काढू देत. त्या वर्षांत यांना कुठली गाडी किती खाते, कुठला रस्ता टायर फाडतो, कुठला व्यापारी गाडी उभी करून ठेवतो, हे सगळं कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या खर्चाने. पट्टीचे पैसे पतसंस्थेत पडून होते. पुढे त्याच पैशांवर कर्ज काढून जुना ट्रक घेतला. कर्ज आमच्या नावावर, पण गाडीही आमच्या नावावर.

ट्रक चाचांकडे नेला. मी आरसी बुक पदरात धरूनच उतरले. चाचांनी चष्मा लावला, पानन् पान वाचलं, वाकून चॅसीवरचा नंबर ताडून पाहिला. मी म्हटलं, "अजून काही पाहिजे? जन्माचा दाखला?" म्हणाले, "चहा पाहिजे. पण काम झाल्यावर." आधी त्यांनी जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढला, मग अस्तर दिलं, मग ब्रश उचलला. दुपारभर मान वर केली नाही. साक्षीचं नाव पुरं झालं तेव्हा मी पैसे पुढे केले आणि म्हटलं, "तुमच्यामुळे हा दिवस दिसला चाचा, दुप्पट घ्या." त्यांनी ठरलेले तेवढेच घेतले. म्हणाले, "बक्षीस नोकराला देतात. आणि सूट मी नोकरालाच देतो. तुम्ही मालक आहात आता, पूर्ण पैसे द्या."

त्यानंतर त्यांनी एक नवीनच उद्योग मला लावून दिला. कुणी नवा पोरगा लीजची गाडी घेऊन नाव घालायला आला की त्याला माझ्याकडे धाडायचे. "आधी शोभाताईंना भेट." पोरं यायची, बायकोला घेऊन, कधी आईला घेऊन. मी काही वकील नाही. मी त्यांना म्हणायची, गाडी बंद पडली तर हप्ता कोण भरणार, ते कागदावर दाखव. मध्येच सोडली तर डिपॉझिट परत मिळणार का, ते दाखव. आणि ह्याच गाडीवर तुझ्याआधी कोण होता, त्याला शोधून काढ. लीज म्हणजे पाप आहे असं मी कधी म्हटलं नाही. चोख कागद करून देणारेही असतात, आणि त्यांची गाडी घेऊन वर आलेलेही मला माहीत आहेत. पण सही करायच्या आधी नाव घालायला जो लावतो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. नाव पडलं की माणूस ती गाडी सोडत नाही, घरदार मोडतो पण हप्ता भरतो. त्या शेठना हे पक्कं ठाऊक होतं. काही पोरांनी ऐकलं, काहींनी माझ्या नावाने बोटं मोडून सही केली. ज्यांनी ऐकलं त्यांतली बरीच आज मला हॉर्न देऊन जातात.

चाचांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, ब्रश धरवत नव्हता. अस्लम आता कॉम्प्युटरवर स्टिकर कापतो. चाचा म्हणाले, "अक्षर बरं काढतं मशीन. पण कागद बघत नाही." मी म्हटलं, "अस्लम बघतो ना?" तर म्हणाले, "बघायलाच लागतं. घरी मला जेवताना तोंड दाखवायचं असतं त्याला." आणि असे हसले, की खोकला लागला.

आमचा तो पहिला ट्रक गेल्या वर्षी भंगारात काढला. आता दुसऱ्या गाड्या आहेत, त्याचं रडू नाही. पण काचेवरचा तो पत्रा मी कापून मागितला. भंगारवाला म्हणाला, "बाई, वजनात धरणार." म्हटलं, "धर." तो पत्रा आता आमच्या सोप्यात, दारावर लावलाय. साक्षी नोकरीवरून येते आणि रोज स्वतःच्याच नावाखालून घरात शिरते. पाहुणे विचारतात, केवढं सुंदर अक्षर, कुणाचं हो? परवा मी स्टूलवर चढून तो पत्रा पुसत होते. बाकीचे पेंटर कोपऱ्यात बारीक आपलं नाव टाकतात, फोन नंबर टाकतात. चाचांनी टाकलं असेल म्हणून चारी कोपरे बघितले. कुठेच नव्हतं. त्यांच्या हिशेबाने गाडी त्यांची नव्हती ना...

म्हणून इथे लिहून ठेवते. ते अक्षर उस्मान चाचांचं आहे.