माझ्या योद्ध्याचं पंचशील

ऑफिसातला सहकारी मला रविवारच्या खेळाला घेऊन गेला, तेव्हा मला वाटलं कॅरम असेल. जबलपुरात महाराजपूर भागातल्या एका घराच्या वरच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि वीस बाजूंचे फासे होते. खेळ चालवणारा आमचा यजमान म्हणजे त्या घरचा मुलगा. तो गोष्ट सांगणार आणि आपण तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. सहकारी जादूगार होता. यजमानाची मोठी बहीण, जिला सगळे दीदी म्हणत, ती चोर होती. एरवी ती कॉलेजात शिकवते.

"तू पवित्र योद्धा हो," यजमान मला म्हणाला. "तलवार मिळते, आणि नुसता हात लावला की दुसऱ्याची जखम भरते. बस, एक व्रत घ्यावं लागते. तोडलं की शक्ती गेली."

त्याने एक कागद दिला. त्यात 'स्वभाव' असा रकाना होता: नियम पाळणारा की मनमौजी, चांगला की दुष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे गावच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं आणि त्याच जोरावर मी नोकरीपर्यंत पोचलो. मी 'नियम पाळणारा, चांगला' असं लिहिलं आणि विचारलं, "याला चारित्र्य प्रमाणपत्र जोडायचं का?"

दीदी टेबलावर डोकं टेकून बराच वेळ हसली.

व्रताच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर यजमान म्हणाला, "कुछ भी लिख दो, धरम-करम टाइप." मला पाठ असलेलं व्रत एकच होतं, लहानपणापासून आईसोबत विहारात म्हटलेलं पंचशील. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. पाचही लिहून खाली सही केली. यजमानाने न वाचताच कागद फायलीत लावला.

परतताना जिन्यात सहकारी हळूच म्हणाला, "तीन रविवार पाहतील. नाही जमलं तर तुझ्या जागी यजमानाचा मामेभाऊ येते." जबलपुरात मला वर्ष होत आलं होतं. गोहलपुरातली भाड्याची खोली आणि ऑफिस सोडलं तर मला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. ती खुर्ची मला फार हवी होती.

पुढच्या रविवारी पाच बुटके राक्षस चालून आले. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी त्यांना दोरीने बांधतो."

"काय बड्डे, तलवार काहून दिली तुला?" सहकाऱ्याने विचारलं. जबलपुरात दोस्ताला बड्डे म्हणतात.

मी कागद दाखवला. यजमानाने तो पहिल्यांदाच वाचला आणि कपाळाला हात लावला. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. राक्षस बांधले गेले. मी त्यांच्या पाण्याची सोय विचारली, तेव्हा दीदी म्हणाली, "यांचं आधार कार्डही काढून दे." मग गोष्टीतल्या खानावळीत बाकीच्यांनी दारू मागवली आणि माझ्या योद्ध्याने ताक मागितलं. ताक नव्हतं. यजमानाला ते गोष्टीत नव्याने घालावं लागलं.

तिसऱ्या रविवारी आम्ही किल्ल्याच्या दारात होतो. दीदीची चोर पहारेकऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यांदेखत चढत होती. पहारेकऱ्याने मला विचारलं, "आणखी कोणी आहे का?"

खोटं तर बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, "माझा योद्धा डोळे मिटतो." मग पहारेकऱ्याला म्हणालो, "मला तर कोणी दिसत नाही."

टेबलावर टाळ्या पडल्या. यजमानाने माझ्यापुढे खोव्याची जलेबी सरकवली. "अब सीखा," तो म्हणाला. मला वाटलं, खुर्ची मिळाली.

अर्ध्या तासाने सहकाऱ्याचा जादूगार भाल्यांच्या खड्ड्यात पडला. दोन वर्षं सांभाळलेलं पात्र. त्याचा चेहरा खरोखर उतरला. "भाऊ, हात लाव," तो म्हणाला. "लवकर."

मी हात पुढे केला आणि थांबलो. उरलेली जलेबी बशीत परत ठेवली.

"माझं व्रत तुटलं आहे," मी म्हणालो. "मघाशी दारात. डोळे मुद्दाम मिटले होते."



"ते कोणी विचारलं तुला?" सहकारी म्हणाला. "मी मरून राहिलो इथं, आणि याला आता आठवलं."

"पण तुटलं ना."

यजमान पुस्तक चाळू लागला. प्रायश्चित्तासाठी सात दिवस डोंगरावर जावं लागतं, असं त्यात निघालं. जादूगाराकडे एक मिनिट होतं.

"तुमच्या घरी व्रत तुटलं तर काय करतात?" दीदीने विचारलं.

"काही नाही. पुन्हा घेतात. मी तर दर रविवारी घेतो. आई म्हणते, तुटते म्हणूनच पुन्हा घ्या लागते."

यजमानाने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे रिचार्ज?"

"तसंच समजा. पण पूर्ण म्हणावं लागतं, आणि मनापासून."

त्याने खूप विचार केला. "ठीक. तेवढा वेळ ते मिनिट थांबेल."

मी बूट काढले, हात जोडले आणि पाचही शीलं सावकाश म्हटली. दीदीने पंखा बंद केला. सहकारी डोळे मिटून बसला होता, मरत असल्यामुळे की कसं, ते कळलं नाही. मग मी फासा टाकला. जादूगार वाचला, पण त्याच्या जिवाचा एकच गुण भरला.

"एकच?" तो म्हणाला. "इतकं करून एकच?"

यजमानाने मोबाइल काढून मामेभावाला फोन लावला. "तू रहने दे भाई, कुर्सी भर गई," म्हणाला. मी बूट घालायला खाली वाकलो आणि जरा वेळ तिथंच राहिलो, कारण डोळे भरले होते.

निघताना दीदीने मला बाजूला घेतलं. तिच्या चोरालाही व्रत घ्यायचं होतं, पण चोरीचं शील सोडून. चार चालतील का?

मी म्हणालो, आईला विचारून सांगतो. आईने फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं, चोर म्हणजे कॉलेजातली मॅडम हेसुद्धा. "चार तर चार," ती म्हणाली. "घेऊ दे बिचारीले. लागलीच कोणाले पाची जमतात?"