खेड्यांना आवतण

रेडिओवर संबळ वाजला की टपरीवरच्या मावशी गाळणी हातात धरून तशाच थांबतात. कार्यक्रम सांगणारे आबा मूळचे गोंधळी. गोंधळाला देवांना नाव घेऊन बोलावतात, तसं ते आधी खेड्यांना बोलावतात: “पिंपळवाडी, यावं! धनगरवाडा, यावं!”

“यातच निम्मा वेळ जातो,” असं मी त्यांना एकदा भेटल्यावर म्हटलं, तर फाडकन म्हणाले, “एका देवाचं आवतण राहिलं, तर गोंधळ पुरा होतो का?”

खरंच आहे. शाळा बंद पडते, एसटी यायची थांबते. पण नावानं हाक मारणारं कुणी आहे तोवर गाव मोडत नाही.

आज बोरवस्तीचं नाव आलं. मावशींचं माहेर ते, चारच उंबरे उरलेत. मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि रेडिओला म्हणाल्या, “आलो आम्ही, आबा, आलो!”